वणवा लावाल, तर प्याल काय?

सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी तालुक्यांतील जंगलकाठच्या बंधू-भगिनींनो,

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी आगीचा हंगाम. आगीलाही हंगाम असतो, हे आपण मुकाट्यानं मान्य कसं केलं? आपल्या सागाच्या रानात वणवा आपोआप पेटत नाही. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं जाळली जातात. धुरा, पऱ्हाट्या पेटवून माणूस घरी येतो आणि वारा ती आग जंगलात नेतो.

त्या धुरातले सूक्ष्म कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. पहाटेच्या गारव्यात धूर वर चढत नाही, गावातच साचून राहतो. दमेकरी आणि तान्ही लेकरं तोच श्वासात घेतात.

पाण्याची हानी मृगात दिसते. पाचोळा पावसाचा मार झेलतो, पाणी जमिनीत मुरवतो. तो जळाला की पहिल्याच सरीत राख आणि माती नाल्यांतून बोर धरणात, धाम नदीत उतरते. धरणात गाळ चढतो. राखेतल्या स्फुरदावर शेवाळ माजतं, मासे गुदमरतात. जे पाणी मुरायला हवं ते वाहून जातं आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. हीच धाम वर्धा शहराला पाणी पाजते. शहरवासीयांनो, हा वणवा तुमच्याही नळात येतो!

‘आग लावली तरच तेंदू फुटतो’ हे खरं नाही. झुडूप खालून छाटलं तरी फूट येते. मोहाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तर फूल स्वच्छ मिळतं. दरसालच्या आगीत मोहाची रोपटी जळतात. आजची म्हातारी झाडं पडल्यावर नातवंडं वेचतील काय?

वनविभागाकडे आमच्या मागण्या :
१. जाळरेषांचं काम फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी पूर्ण करा.
२. आग विझवायला गावातलीच माणसं नेमा, मजुरी वेळेवर द्या.
३. तेंदूसाठी आग लावणाऱ्या ठेकेदाराचा ठेका रद्द करा.
४. मोह वेचणाऱ्या कुटुंबांना जाळ्या द्या.

जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. पण पहारा आपलाच हवा. २००६ च्या वन हक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल आणि पाणलोट राखण्याचा अधिकार दिला आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : आमच्या शिवारातून जंगलात ठिणगी जाणार नाही!