पदवीनंतरची पन्नास वर्षे

अमेरिकेतल्या सरॉरिटी म्हटल्या की आपल्याला चित्रपटांत पाहिलेले आठवते: पांढऱ्या खांबांची हवेली, हिरवळीवर एकसारखे कपडे घालून गाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुली, रात्रीच्या पार्ट्या. ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या या विद्यार्थिनी संघटनांविषयी तिकडेही बोलले जाते ते बहुधा कॉलेजच्या चार वर्षांपुरतेच. पण तिथले सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही, ते तहहयात असते. पदवीनंतर आणखी पन्नास-साठ वर्षे या बायका एकमेकींशी बांधलेल्या राहतात. या संघटनांच्या दीडशे वर्षांत इतिहासाने दखल घ्यावी असे जे घडले, चांगले आणि वाईटही, ते बहुतांशी माजी विद्यार्थिनींच्या हातून घडले. त्यांचा हिशेब त्या वयापासून मांडायला हवा.

1867 मध्ये इलिनॉयमधल्या मनमथ कॉलेजात बारा मुलींनी एक मंडळ काढले. तेच पुढे ‘पाय बीटा फाय’ झाले. कॉलेजात शिकणारी मुलगी तेव्हा नवलाची गोष्ट होती, आणि पदवी हाती घेऊन बाहेर पडल्यावर तिने काय करायचे याला समाजाकडे जवळजवळ एकच उत्तर होते: लग्न होईपर्यंत शाळेत शिकवावे. अनेक ठिकाणी लग्न होताच शिक्षिकेची नोकरी जाई. ज्या मुलीने चार वर्षे ग्रीक आणि गणित वाचले, तिच्यापुढे एकाएकी चूल आणि चर्च एवढेच उरत असे. कॉलेजातल्या मैत्रिणींचे जाळे टिकवण्याची निकड या कोंडीतून आली. गावोगावी माजी विद्यार्थिनींची मंडळे निघाली, वर्गण्या जमू लागल्या, अधिवेशने भरू लागली.

मराठी वाचकाला हा काळ अगदीच परका नाही. 1886 ते 1888 या वर्षांत पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरत होत्या आणि तिथल्या बायकांच्या संघटना त्यांनी बारकाईने पाहिल्या. त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात स्त्रियांच्या मंडळांचे जे कौतुक आहे, ते स्वतः पाहिल्यानंतरचे आहे. तिथे त्यांना जिवाभावाचा आधार देणाऱ्या, दारूबंदी चळवळीच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड या ‘अल्फा फाय’ सरॉरिटीच्या सभासद होत्या. शारदा सदनासाठी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन देणारी रमाबाई मंडळे अमेरिकेत निघाली ती अशाच शिकलेल्या, संघटनेची सवय असलेल्या बायकांच्या जगात. 1889 मध्ये मुंबईत सदन उघडले त्यामागे त्या सवयीचाही वाटा होता.

पाय बीटा फायच्या माजी विद्यार्थिनींनी 1912 मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग या डोंगरी गावात शाळा काढली. रस्ते धड नव्हते, शाळा नावापुरती होती. वर्गण्यांवर शिक्षिका आल्या, पुढे परिचारिका आली. तिथल्या घराघरांतली विणकामाची कला मरणपंथाला लागली होती. तिला गिऱ्हाईक मिळावे म्हणून 1926 मध्ये दुकान उघडले. कालांतराने मुलांच्या शाळेची जबाबदारी सरकारने उचलली आणि या प्रयत्नातून ‘ॲरोमाँट’ हे हस्तकलेचे विद्यालय उभे राहिले. ते आजही चालू आहे.

पण या कहाणीचा गाभा कृष्णवर्णीय बायकांच्या सरॉरिटींमध्ये आहे, असे आम्हाला वाटते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये ‘अल्फा कॅपा अल्फा’ स्थापन झाली, तिथेच 1913 मध्ये ‘डेल्टा सिग्मा थीटा’. डेल्टाच्या बावीस संस्थापिकांचे पहिले सार्वजनिक काम म्हणजे त्याच वर्षी 3 मार्चला राजधानीत निघालेल्या मताधिकाराच्या मोर्चात चालणे. कृष्णवर्णीय बायकांनी मागच्या रांगांत चालावे, अशी त्या मोर्चातल्या गोऱ्या बायकांचीच कुजबुज होती. अशा मुलीला पदवीनंतर काय मिळणार होते? गोऱ्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, प्राध्यापकांच्या संस्थांची दारे बंद. दक्षिणेत मतदान नाही, हॉटेलात खोली नाही. परक्या गावात उतरायचे तर ओळखीच्या भगिनीचे घर, नोकरी शोधायची तर तिचाच शब्द. गोऱ्या मुलीसाठी सरॉरिटी मैत्रीचा धागा होती. हिच्यासाठी ती बँक होती, धर्मशाळा होती आणि राजकीय पक्षही होती. डेल्टाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्षा सेडी टॅनर मॉसेल यांनी 1921 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. एवढे करूनही त्यांना साजेसे काम मिळेना. मग त्या त्याच विद्यापीठात कायदा शिकल्या आणि 1927 मध्ये वकील झाल्या.

1934 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या शिक्षिका आणि अल्फा कॅपा अल्फाच्या अध्यक्षा आयडा जॅक्सन यांनी मिसिसिपीतल्या खेडेगावच्या शिक्षकांसाठी लेक्सिंग्टन इथे वर्ग भरवले. वर्ग घेताना एक गोष्ट लख्ख दिसली: मुले इतकी आजारी आणि उपाशी होती की चांगल्या अध्यापनाचा त्यांना उपयोग नव्हता. तेव्हा पुढच्या वर्षी दवाखाना काढायचे ठरले. प्रमुख होत्या वॉशिंग्टनच्या डॉक्टर डोरोथी फेरेबी. दात काढणाऱ्या, लस टोचणाऱ्या, आहार शिकवणाऱ्या बायका आपापल्या सुट्ट्या सोडून, स्वतःच्या मोटारी घेऊन निघाल्या. खर्च वर्गणीतून.

होम्स काउंटीत पोचल्यावर खरी अडचण कळली. कापसाच्या मळ्यांवर अर्धेलीने राबणाऱ्या कुळांना मळेवाले दवाखान्यापर्यंत यायला सोडत नव्हते. शिकलेल्या कृष्णवर्णीय बायका शहरातून येऊन कुळांना संघटित करतील, अशी त्यांना धास्ती होती. मग या बायकांनी दवाखानाच मोटारींत भरला. धुळीच्या कच्च्या रस्त्यांनी त्या मळ्यामळ्यावर गेल्या आणि झाडाखाली टेबल मांडून कामाला लागल्या. मळ्याचा मुकादम बाजूला उभा राहून काय बोलले जाते ते ऐकत असे. रांगेत बाळे, म्हाताऱ्या, गरोदर बायका. देवीची आणि घटसर्पाची लस, डोळे-दात तपासणे, पाणी उकळून पिण्याविषयी दोन शब्द. 1935 ते 1942 या काळात हजारो मुलांना लस टोचली गेली. युद्धामुळे पेट्रोल आणि टायर यांचे रेशनिंग आले, मोटारी थांबल्या आणि प्रकल्पही थांबला. वर्गणी देणाऱ्या एका भगिनीसंस्थेने जे केले ते मुळात राज्य सरकारचे काम होते. त्या बायकांचे कौतुक करताना सरकारचा तो गुन्हा झाकला जाऊ नये.

मिसिसिपीहून परतलेल्या अनेक जणी राजकारणात ओढल्या गेल्या. लशीने जे सुटत नव्हते त्यासाठी कायदा हवा होता, आणि 1938 मध्ये याच संघटनेने काँग्रेससमोर बाजू मांडण्यासाठी राजधानीत आपली माणसे नेमली. 1947 ते 1956 डेल्टाच्या अध्यक्षा राहिलेल्या डोरोथी हाइट पुढे चाळीस वर्षे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचे नेतृत्व करत होत्या. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चात त्या व्यासपीठावर होत्या, भाषणाची संधी मात्र त्यांना मिळाली नाही.

या संघटनांवर घरातूनही टीका झाली. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी 1957 च्या ‘ब्लॅक बूर्ज्वाझी’ या पुस्तकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या मेजवान्या आणि प्रतिष्ठेच्या हौसेवर कोरडे ओढले. त्यात तथ्य होते. घरकाम करणाऱ्या बाईला या वर्तुळात सहज जागा नव्हती. तरीही तिच्या मुलांना लस टोचायला मोटारी गेल्या त्या याच वर्तुळातून, हेही त्याच इतिहासात आहे.

गोऱ्या सरॉरिटींचा ताळेबंद यापेक्षा कठोरपणे पाहावा लागतो. ज्यू मुलींना तिथे प्रवेश नसे, म्हणून 1909 मध्ये बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी ‘अल्फा एप्सिलॉन फाय’ काढली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग कॉर्नेलमध्ये तिच्याच सभासद होत्या. कृष्णवर्णीय मुलींना तर दार उघडायला त्याहून कितीतरी वेळ लागला. 2013 मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापले की मतदान करणाऱ्या मुली एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला तयार होत्या, आणि माजी विद्यार्थिनींनी दबाव आणून तिला बाहेर ठेवले. देशभर बोभाटा झाला. ज्या इमारतीत या मुली राहतात तिचे व्यवहार माजी विद्यार्थिनींच्या मंडळाकडे असतात, आणि अनेक ठिकाणी नवीन मुलीसाठी शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच येत असे. घर ज्यांच्या ताब्यात, त्यांचा शब्द चालणारच. अठरा वर्षांच्या मुलींना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण दार धरून उभ्या होत्या त्या पन्नाशीच्या.

2020 मध्ये कमला हॅरिस उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा 19.08 डॉलरच्या देणग्यांचा ओघ सुरू झाला. तो आकडा म्हणजे अल्फा कॅपा अल्फाच्या स्थापनेचे वर्ष. हॅरिस हॉवर्डमध्ये तिच्यातच आल्या होत्या. वर्गणी जमवायची जुनी सवय एका दिवसात मोबाइलवर कशी उतरते ते तेव्हा दिसले.

1998 पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांत दक्षिण आशियाई मुलींच्याही सरॉरिटी निघाल्या आहेत. त्यांच्या पहिल्या सभासदा आता चाळिशीत आहेत. एखाद्या मराठी घरातली मुलगी उद्या सरॉरिटीत जायचे म्हणाली, तर आईवडिलांनी हवेलीचे फोटो पाहून होकार किंवा नकार देऊ नये. त्या संघटनेच्या माजी सभासदा त्या शहरात गेली दहा वर्षे काय करतात, त्यांची वर्गणी कुठे खर्च होते, आणि त्यांनी कोणाला घेतले नाही, एवढे विचारावे.