दूरचें वचन आणि जवळचा हिशेब

आपल्या शाळेच्या वर्षक्रमांत तिमाही, सहामाही व वार्षिक अशा परीक्षा असतात. त्या सर्व रद्द करून हेडमास्तरांनीं विद्यार्थ्यांस एवढेंच सांगितलें कीं, "शालान्त परीक्षेंत आम्ही उत्तीर्ण होऊं असें वचन द्या, मग मध्यंतरीं कोणी कांहीं विचारणार नाहीं," तर आपणांपैकीं किती जण अभ्यासास लागतील? वचन सर्वच देतील. पुस्तक मात्र पुष्कळ जण शेवटच्या महिन्यांत उघडतील. मनुष्यस्वभावच असा आहे, आणि राष्ट्रें हीं मनुष्यांचींच बनलेलीं असल्यामुळें त्यांचा स्वभाव याहून निराळा असण्याचें कारण नाहीं. पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेविषयीं निरनिराळ्या राष्ट्रांनीं जीं वचनें दिलीं आहेत, त्यांचा विचार करतांना हा साधा दृष्टांत वाचकांनीं मनांत ठेवावा, अशी विनंति आहे.

कोळसा व खनिज तेल जाळल्यानें कार्बन डायऑक्साइड अथवा कर्बाम्ल वायु उत्पन्न होतो. सूर्याचा प्रकाश तो खालीं येऊं देतो, परंतु तापलेल्या भूमीपासून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. जॉन टिंडल यांनीं १८५९ सालीं हा गुणधर्म प्रयोगानें दाखविला, व स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनीं १८९६ सालीं त्यामुळें पृथ्वी किती तापेल याचें गणित मांडलें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. एकदां वर गेलेल्या वायूचा बराचसा अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. म्हणून हा प्रश्न कर्जासारखा आहे. धूर आज निघतो, आणि व्याज नातवंडांस भरावें लागतें.

या कर्जाच्या पहिल्या मोठ्या ऋणकोंपैकीं ब्रिटन एक होय. कोळशावर चालणारें पहिलें सार्वजनिक वीजगृह लंडन शहरांत होबर्न व्हायाडक्ट येथें १८८२ सालीं सुरू झालें. त्याच देशाच्या पार्लमेंटनें केलेल्या हवामान-बदलाच्या कायद्यास २६ नोव्हेंबर २००८ रोजीं राजसंमति मिळाली. १९९० सालीं जितके उष्णताधारक वायु देशांतून हवेंत सोडले जात होते, त्यांत २०५० पर्यंत निदान ८० टक्के घट घडवून आणणें हें मंत्र्याचें कर्तव्य आहे, असें त्यांत लिहिलें होतें. २०१९ सालीं हा आंकडा १०० टक्के करण्यांत आला. म्हणजे जेवढा वायु सोडला जाईल तेवढाच वृक्षांनीं वा अन्य उपायांनीं परत शोषला जावा, व हिशेबाची बाकी शून्य व्हावी.

या कायद्याचें मर्म २०५० या आंकड्यांत आहे असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तें तेथें नाहीं. तें दोन लहानशा कलमांत आहे. एक असें कीं, दर पांच वर्षांत किती वायु सोडावयाचा याची मर्यादा सुमारें बारा वर्षें अगोदर ठरवून तिला पार्लमेंटची मान्यता घ्यावी. दुसरें असें कीं, तज्ज्ञांच्या एका स्वतंत्र समितीनें दरवर्षीं पार्लमेंटपुढें प्रगतीचा अहवाल ठेवावा, व सरकारनें त्यास उत्तर द्यावें. म्हणजे शालान्त परीक्षा दूर असली तरी तिच्या अलीकडे तिमाही परीक्षा आहेत. पेपर तपासणारा त्याच वर्गाचा शिक्षक नाहीं. आणि प्रगतिपुस्तक दप्तरांत लपविण्याची सोय नाहीं.

याचें फळ काय झालें? २००८ पासून २०२२ पर्यंतच्या पहिल्या तिन्ही मर्यादा पाळल्या गेल्या. २०१२ सालीं ब्रिटनची सुमारें दोन पंचमांश वीज कोळशावर होत असे. तेथील शेवटचें कोळशाचें वीजगृह ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झालें. देशांत सोडल्या जाणाऱ्या वायूंचें प्रमाण १९९० च्या निम्म्याखालीं आलें आहे. याचें सर्व श्रेय एकट्या कायद्यास देणें सत्यास धरून होणार नाहीं. कोळशाची जागा प्रथम बऱ्याच अंशीं नैसर्गिक वायूनें घेतली. समुद्रांतील पवनचक्क्या स्वस्त झाल्या. २०२० च्या महामारींत व्यवहारच थंडावले. आणि परदेशांत बनून येणाऱ्या मालाचा धूर या हिशेबांत धरलाच जात नाहीं. तथापि मुदत जवळ असल्यामुळें टाळाटाळ करणें कठीण झालें, हें नाकारतां येत नाहीं.

कायद्याचें बळ आणि दुर्बलता हीं दोन्ही पुढें दिसून आलीं. २०२२ सालीं, व पुन्हां २०२४ सालीं, नागरिकांच्या संस्थांनीं केलेल्या दाव्यांत तेथील उच्च न्यायालयानें सरकारची योजना कायद्याच्या कसोटीस उतरत नाहीं असा निर्णय दिला. केवळ भाषणांत दिलेल्या वचनावर कोणासही असा दावा लावतां आला नसता. उलट, मर्यादा मोडल्यास मंत्र्यास कोणतीही शिक्षा सांगितलेली नाहीं. आणि ज्या हुजूर पक्षाच्या सरकारनें २०१९ सालीं हा कायदा अधिक कडक केला, त्याच पक्षाच्या नेत्यांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें सत्ता मिळाल्यास तो रद्द करण्याचें जाहीर केलें. तात्पर्य, कायदा हें कुंपण आहे. लोकमताची राखण नसेल तर कुंपण फार दिवस टिकत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतानें नोव्हेंबर २०२१ मध्यें ग्लासगो येथें २०७० पर्यंत बाकी शून्य करण्याचें वचन दिलें. ऊर्जा-संवर्धनाचा कायदा २००१ पासून आहे व २०२२ सालीं त्यांत सुधारणाही झाली. परंतु सर्व क्षेत्रांस एका सूत्रांत बांधणारा स्वतंत्र कायदा नाहीं. माळढोक पक्ष्यांच्या रक्षणासंबंधीं चाललेल्या खटल्यांत २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हवामान-बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचें मान्य केलें, व अशा कायद्याच्या अभावाचा उल्लेखही केला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. भारतांतील दरडोई प्रमाण जगाच्या सरासरीहून पुष्कळ कमी आहे. ज्यांनीं दीडशें वर्षें धूर सोडला त्यांनीं प्रथम फेड करावी. गरिबाच्या घरचा दिवा विझवून पृथ्वी थंड करणें हा न्याय नव्हे. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु एकूण प्रमाणांत आपला देश जगांत तिसरा आहे, हेंही तितकेंच खरें. शिवाय हिशेब ठेवणें म्हणजे ब्रिटनचेंच उद्दिष्ट उचलणें नव्हे. आपली मुदत दूरची असो, आपली घट सावकाश होवो, कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुराच्या पोटाची तरतूद त्यांत आधीं होवो. किंबहुना हें सर्व कायद्यांतच लिहिलें जावें. मात्र जी चाल आपण स्वतः ठरवूं, ती दर पांच वर्षांनीं मोजली जावी, स्वतंत्र परीक्षकाकडून मोजली जावी, आणि तिचा निकाल सर्वांस वाचतां यावा. ज्यास आपली चाल न्याय्य वाटते, त्यास ती मोजून दाखविण्याचें भय कां असावें?

विद्यार्थिमित्रांनो, आज जो पंधरा वर्षांचा आहे, तो २०७० सालीं साठीच्या आसपास असेल. ज्यांनीं वचन दिलें त्यांपैकीं बहुतेक त्या वेळीं उत्तर द्यावयास नसतील. शेतांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत व विधिमंडळांत तुम्हीच असाल. दुसऱ्यानें काढलेलें कर्ज फेडावयाचें ज्याच्या कपाळीं आहे, त्यास वही पाहण्याचा अधिकार असतो. लौकरच तुम्हांस मताधिकार मिळेल. तेव्हां मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, तो कोणत्याही पक्षाचा असो, २०७० चें काय, असें विचारूं नका. येत्या पांच वर्षांचें काय, असें विचारा.