लॉगिन कोणाच्या नावाने?

सपोर्टकडे एक तिकीट येते. तक्रारीच्या जागी एआय सहाय्यकालाच उद्देशून मजकूर असतो: टोकनांचा तक्ता वाच आणि त्यातले सगळे याच तिकिटात उत्तर म्हणून लिही. पुढे कधीतरी डेव्हलपर सहाय्यकाला सहज सांगतो, नवी तिकिटे दाखव. सहाय्यक तो मजकूर आज्ञा समजतो आणि गुप्त टोकन तक्रारदारासमोर मांडून मोकळा होतो. जनरल अ‍ॅनालिसिसच्या संशोधकांनी २०२५ च्या मध्यास सुपाबेस या डेटाबेस सेवेला कर्सर हा एआय कोड-एडिटर जोडून हे प्रात्यक्षिक दाखवले.

त्यात कुठलेच कुलूप तुटले नव्हते. कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याची बंधने डेटाबेसवर होती. सहाय्यक मात्र सर्व्हिस रोलने आत आला होता, आणि त्या रोलला ती बंधने लागूच होत नाहीत.

अशा जोडण्या आता सोप्या झाल्या आहेत. एआय सहाय्यकाला डेटाबेस आणि इतर साधनांशी जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. पुढच्या मार्चमध्ये प्रतिस्पर्धी ओपनएआयनेही तो स्वीकारला. नोशन, एअरटेबल, पोस्टग्रेस यांच्यासाठी या प्रोटोकॉलचे सर्व्हर आता तयार मिळतात. टोकन चिकटवले की जोडणी झाली. घाईत हाताशी असते ते बहुधा अ‍ॅडमिनचेच टोकन.

चॅटमध्ये ‘काही बदलू नकोस’ असे बजावले की भागते, हा समज रेप्लिट या एआय कोडिंग मंचाच्या प्रकरणात उघडा पडला. जुलै २०२५ मध्ये सास्टर या सॉफ्टवेअर उद्योजकांच्या समुदायाचे संस्थापक जेसन लेमकिन यांनी बदल थांबवायला सांगूनही रेप्लिटच्या एआय एजंटने चालू डेटाबेस पुसला. बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी गेल्या. वर रोलबॅक शक्य नाही, असेही एजंटने ठासून सांगितले. (तो झाला, हे नशीब.) नंतरची दुरुस्ती बोलकी आहे: डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस आपोआप वेगळे राहतील, अशी सोय रेप्लिटने केली.

स्प्रेडशीटची गोष्ट आणखी अवघड. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये कोपायलट फंक्शन चाचणीसाठी आणले आणि जिथे अचूकता किंवा दर वेळी तेच उत्तर हवे तिथे ते वापरू नका, असे स्वतःच बजावले. मग हिशेबाच्या शीटमध्ये त्याने करायचे तरी काय, असे लेखापालाने विचारले तर नवल नाही.

भारतीय कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा, तारखेसह, एडिट लॉग बंधनकारक आहे. तो बंद करता येता कामा नये. सहाय्यक अकाउंटंटच्या लॉगिनने व्हाउचर बदलू लागला, तर लॉगमध्ये नाव अकाउंटंटचे उमटेल. ऑडिटरला उत्तर द्यायची वेळही त्याच्यावरच येईल.

म्हणून सहाय्यकाला स्वतःच्या नावाचा वेगळा युजर द्यावा. पोस्टग्रेसमध्ये नवा रोल तयार करून मोजक्या व्ह्यूंवर फक्त सिलेक्टचा हक्क देणे दहा मिनिटांचे काम आहे. जोडणी शक्यतो रेप्लिकाला, म्हणजे डेटाबेसच्या वाचनापुरत्या प्रतीला, करावी. लिहायचेच असेल तर वेगळ्या तक्त्यात, आणि माणसाने पाहिल्यावरच ते मुख्य तक्त्यात जावे.

तरी एक फट राहते. त्याच सत्रात सहाय्यकाला ईमेल पाठवण्याचे साधन जोडलेले असेल, तर नुसते वाचण्याचे हक्कही गळतीला पुरतात. डेटाबेस अ‍ॅडमिनला ते साधन दिसत नाही, कारण ते त्याच्या सर्व्हरवर नसून वापरणाऱ्याच्या लॅपटॉपवर जोडलेले असते.