पाठीच्या कण्याचा उपचारक : डॅनिएल पामर यांची वाटचाल

डॉक्टर, परिचारिका, सुईण, औषधविक्रेता ही नावे आपल्या परिचयाची आहेत. 'कायरोप्रॅक्टर' हे नाव मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेही नसेल. औषध न देता आणि शस्त्र न लावता, केवळ हातांनी पाठीच्या कण्यावर उपचार करणाऱ्यास हे नाव आहे. हा व्यवसाय अमेरिकेत जन्मास आला. ज्या गृहस्थांनी तो जन्मास घातला त्यांचे चरित्र बोधप्रद आहे. त्यात अनुकरण करावे असे काही आहे, तसेच सावध व्हावे असेही काही आहे.

डॅनिएल डेव्हिड पामर यांचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडातील टोरांटो शहरानजीक पिकरिंग येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. १८६५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, हा तरुण आपल्या भावासह अमेरिकेत आला आणि मिसिसिपी नदीच्या काठच्या प्रदेशात स्थायिक झाला. आरंभी त्याने खेड्यातील शाळांतून मुलांना शिकविले. पुढे इलिनॉय राज्यातील न्यू बोस्टन या गावी थोडी जमीन घेऊन त्याने फळझाडे लावली व मधमाश्या पाळल्या. त्यानंतर आयोवा राज्यात त्याने किराणा मालाचे दुकान मांडले. मास्तर, बागाईतदार, दुकानदार अशा नाना भूमिका वठवीत त्याने वयाची चाळिशी ओलांडली. वैद्यकाच्या कोणत्याही महाविद्यालयाची पायरी तो तोवर चढला नव्हता.

त्या काळी अमेरिकेत 'चुंबकीय उपचार' नावाचा एक प्रकार बराच बोकाळला होता. उपचारकाच्या देहातील एक सूक्ष्म शक्ती हाताच्या स्पर्शाने रोग्याच्या देहात उतरते व रोग हटतो, अशी त्यामागची समजूत होती. तिला शास्त्राचा आधार नव्हता. पामर यांनी १८८६च्या सुमारास हाच धंदा पत्करला आणि लवकरच आयोवातील डॅव्हनपोर्ट शहरी आपला दवाखाना थाटला. तेथे त्यांचा जम चांगला बसला. रोगी दूरदूरून येऊ लागले. तथापि रोग होतो तरी कशामुळे, हा प्रश्न पामर यांना स्वस्थ बसू देईना. शरीररचनेवरील ग्रंथ मिळवून ते आपल्या परीने त्यांचा अभ्यास करू लागले. शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले असे त्यांनी मानले नाही, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे.

१८ सप्टेंबर १८९५ हा दिवस या व्यवसायाचा जन्मदिवस मानला जातो. पामर यांचा दवाखाना ज्या इमारतीत होता, तेथे साफसफाईचे काम करणारा हार्वे लिलार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय सेवक होता. त्याला सतरा वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हते. पामर यांच्या सांगण्याप्रमाणे, वाकून काम करीत असता लिलार्डच्या पाठीत काही तरी करकरले आणि तेव्हापासून त्याचे कान गेले. पामर यांनी त्याची पाठ चाचपली, त्यांना एक मणका जागेवरून सरकलेला जाणवला. त्यांनी हाताच्या दाबाने तो सरळ बसविला आणि लिलार्डला पुन्हा ऐकू येऊ लागले. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत याहून निराळी आहे. आपले वडील एका मित्राशी थट्टाविनोद करीत असता पामर यांनी ते ऐकून हातातील पुस्तकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली, व काही दिवसांनी त्यांना पूर्वीपेक्षा बरे ऐकू येऊ लागले, असे तिचे म्हणणे होते.

खरे कोणते, याचा निर्णय आज लागणे कठीण. एक गोष्ट मात्र शरीरशास्त्राचा साधा ग्रंथ उघडणाऱ्यासही दिसते. कानाकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कवटीच्या आतूनच जातो, पाठीच्या मणक्यांमधून जात नाही. पामर यांनी मात्र या घटनेवरून फार मोठा सिद्धांत उभारला. मणके जागेवरून हलतात, त्यामुळे मज्जातंतूंच्या कार्यात बिघाड होतो आणि बहुतेक सर्व रोगांचे मूळ तेथेच असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. एका रोग्याच्या अनुभवावरून सर्व रोगांचा नियम ठरविणे हे शास्त्राच्या रीतीस सोडून होते. पुढे शंभरांहून अधिक वर्षांत हा व्यापक सिद्धांत सिद्ध झालेला नाही.

या नव्या पद्धतीस नाव हवे होते. पामर यांचे एक रोगी व स्नेही रेव्हरंड सॅम्युएल वीड यांनी ग्रीक भाषेतील 'हात' व 'कार्य' या अर्थाच्या दोन शब्दांवरून 'कायरोप्रॅक्टिक' हे नाव सुचविले. १८९७ साली पामर यांनी डॅव्हनपोर्ट येथे शाळा काढली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत काही पदवीधर डॉक्टरही होते. पामर यांचे चिरंजीव बार्टलेट जोशुआ यांनी १९०२ साली तेथूनच शिक्षण पुरे केले आणि पुढे त्या शाळेचा विस्तार केला.

संस्थापकाच्या नशिबी मात्र सुख नव्हते. १९०६ साली परवान्यावाचून वैद्यकी केल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने पामर यांना दोषी ठरविले. दंड भरण्याचे नाकारून ते तुरुंगात गेले, आणि काही दिवसांनी दंड भरून बाहेर आले. त्याच सुमारास शाळा मुलाच्या हाती गेली आणि पितापुत्रांत वितुष्ट आले. १९११ सालच्या एका पत्रात, आपल्या पद्धतीस धर्माचे रूप द्यावे की काय, असाही विचार पामर यांनी बोलून दाखविला. त्यामागे परवान्याच्या कायद्यापासून सुटका मिळविण्याचा हेतूही होता. वाचकहो, उपचार हा उपचार आहे. त्याची पारख रोग्याच्या प्रकृतीवरून व्हावयाची असते. श्रद्धेचे पांघरूण घातले म्हणून असिद्ध गोष्ट सिद्ध होत नाही, आणि कायदा चुकविण्यासाठी धर्माचा आडोसा घेणे हे धर्मासही शोभत नाही. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिस येथे पामर यांचे निधन झाले.

त्याच १९१३ साली कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरांना परवाना देणारा कायदा केला. शेवटचे राज्य लुइझियाना. तेथे असा कायदा १९७४ साली झाला. डॉक्टरांच्या संघटनेशी या व्यवसायाचा कलह दीर्घकाळ चालला. १९७६ साली काही कायरोप्रॅक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनविरुद्ध दावा लावला, आणि १९८७ साली न्यायालयाने त्या संघटनेच्या बहिष्काराविरुद्ध निकाल दिला. बहिष्कार बेकायदेशीर ठरला, याचा अर्थ कायरोप्रॅक्टिकचा प्रत्येक दावा शास्त्रीय ठरला असा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

आज अमेरिकेत या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणाची वाट पामर यांच्यासारखी राहिलेली नाही. प्रथम महाविद्यालयात सुमारे तीन वर्षे विज्ञानादी विषय शिकावे लागतात. त्यानंतर चार वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम असतो व त्यास किमान ४२०० तास द्यावे लागतात. शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान, क्ष-किरण चित्रांचे वाचन आणि प्रत्यक्ष रोग्यांवरील काम हे सारे त्यात येते. मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. एवढे झाल्यावरही त्याची पदवी सामान्य डॉक्टराच्या पदवीहून वेगळी असते, आणि साधारणतः त्याला औषधे लिहून देता येत नाहीत.

मग या उपचारात तथ्य किती? कंबरदुखीपुरते पाहिल्यास थोडे तथ्य आहे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात, नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक, मालीश यांसारख्या उपायांबरोबर हाताने मणके हलविण्याचा उपायही सांगितला आहे. त्यामागील पुरावा भक्कम नाही, आणि अशी कंबरदुखी पुष्कळदा आपोआपही ओसरते, हे तेथेच नमूद आहे. दमा, बहिरेपणा, लहान मुलांचे आजार यांवर हा उपचार चालतो असे मानण्यास पुरेसा आधार नाही. मानेला झटका देण्याने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत.

भातलावणीत दिवसभर वाकून कंबर धरली, की गावातील हाडवैद्याकडे किंवा मालीश करणाऱ्याकडे धाव घ्यावी, हे आपल्या घरोघरी चालते. त्यांच्या हातगुणाची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु कंबरदुखीबरोबर पायांत बधिरपणा वा दुबळेपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, ताप आला, वजन घटू लागले, अथवा झाडावरून पडून दुखणे सुरू झाले, तर कोणासही पाठ वा मान मोडू देऊ नये. त्या रोग्यास विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे. आणि एकाच उपायाने सारे रोग बरे करतो असे जो सांगेल, त्याच्या हाती आपले मूल देण्यापूर्वी आईबापांनी त्याचे शिक्षण कोठे झाले, हे निःसंकोच विचारावे.

पामर यांना चाळिशीनंतरही शिकण्याची हौस होती, आणि दुखणाऱ्या मनुष्याच्या पाठीवर हात ठेवून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतका वेळ होता. हे दोन गुण आपल्या मुलामुलींनी जरूर घ्यावेत. मात्र ज्या मुलास वा मुलीस रोग्यांची सेवा करावयाची आहे, त्यास आधी पुरते शिकू द्यावे. घरात अडचण असली तरी शिक्षणाची ती वर्षे कमी करू नयेत. उद्या त्याच्या हाताखाली जो देह येणार आहे, तो कोणाच्या तरी आईचा वा बापाचा असणार आहे.