जोडीनं केलेला ‘होल फूड रीसेट’ टिकतो का? पाकिटं बंद करण्यामागचं विज्ञान आणि स्वयंपाकघरातलं गणित

नवऱ्याच्या ऑफिसातल्या आरोग्य तपासणीचा रिपोर्ट जानेवारीत आला. HbA1c 5.9. वय 29. हा आकडा 5.7 ते 6.4 च्या दरम्यान असेल तर त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या वाटेवर आहात. त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातला एक खण रिकामा केला. इन्स्टंट नूडल्स, क्रीमची बिस्किटं, सॉसच्या दोन बाटल्या, खोक्यातला ज्यूस, ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले चिप्स आणि ‘हेल्दी’ म्हणून मीच आणलेले प्रोटीन बार. ठरलं असं की 30 दिवस दोघांनीही पाकिटातलं काही खायचं नाही.

असं ठरवणारे आम्ही एकटे नाही. नवीन वर्ष सुरू झालं की सोशल मीडियावर ‘होल फूड क्लीन्स’, ‘30 दिवसांचा रीसेट’, ‘कपल डाएट चॅलेंज’ यांचा पूर येतो. यातलं किती खरं आहे आणि किती नुसतं विकण्यासाठी? आणि दोघांनी मिळून केल्यानं खरंच फरक पडतो का?

‘क्लीन्स’ म्हणजे नेमकं काय साफ होतं?

आधी या शब्दाबद्दल. शरीरात साचलेली ‘विषं’ बाहेर काढणारा कुठलाही आहार नसतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करत असतात, आणि त्यांना त्यासाठी हिरव्या रंगाचा महागडा ज्यूस लागत नाही. त्यामुळे कुणी ‘डिटॉक्स’ म्हणून काही विकत असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

होल फूड रीसेट त्यापेक्षा साधा आहे. ठरावीक दिवस कमीत कमी प्रक्रिया केलेलं अन्न खायचं आणि सवयी मोडतात का ते पाहायचं. यातला जगभर गाजलेला प्रकार म्हणजे अमेरिकेतला ‘होल30’. तोही एका जोडप्याच्या प्रयोगातूनच सुरू झाला. मेलिसा आणि डलास हार्टविग यांनी 2009 मध्ये 30 दिवस तो स्वतःवर करून पाहिला. (पुढे दोघे वेगळे झाले. त्याचा आहाराशी संबंध जोडू नये.)

अडचण अशी की मूळ होल30 मध्ये साखर आणि दारूबरोबर सगळी धान्यं, सगळ्या डाळी-कडधान्यं आणि दूध-दहीही बंद असतं. मराठी घरात हे जसंच्या तसं आणलं तर भाकरी गेली, वरण गेलं, मटकीची उसळ गेली, ताकही गेलं. मांसाहार न करणाऱ्या घरात प्रथिनांचा मुख्य आधारच डाळी, कडधान्यं आणि दूध-दही असतो. तोच काढून टाकणं याला मी तरी रीसेट म्हणणार नाही.

मग बंद काय करायचं?

इथे ‘नोव्हा’ ही वर्गवारी उपयोगी पडते. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. तिच्यात अन्नाचे गट पोषणमूल्यांवरून पडत नाहीत, प्रक्रिया किती आणि कशासाठी केली आहे यावरून पडतात. आपल्या स्वयंपाकघरात पाहिलं तर ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, भाज्या, दूध हे पहिल्या गटात. तेल, तूप, साखर, मीठ दुसऱ्या गटात. लोणचं किंवा पनीर तिसऱ्यात. चौथा गट अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांचा. घरच्या फळीवर कधीच नसणारे घटक ज्यात असतात ते पदार्थ, म्हणजे इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, रंग, माल्टोडेक्स्ट्रिन वगैरे. बहुतेक बिस्किटं, चिप्स, कोल्ड्रिंक्स आणि इन्स्टंट नूडल्स यात येतात.

हे पदार्थ वाईट का, याचा सगळ्यात चर्चिला गेलेला पुरावा 2019 मधला आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांनी 20 जणांना चार आठवडे दाखल करून घेतलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं. समोर ठेवलेल्या ताटांमधल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखे ठेवले होते. पाहिजे तेवढं खा, असं सांगितलं होतं. अल्ट्रा-प्रोसेस्डच्या दोन आठवड्यांत लोक रोज साधारण 500 कॅलरी जास्त खात होते. त्यांचं वजन सुमारे 0.9 किलोनं वाढलं आणि साध्या जेवणावर जवळपास तेवढंच कमी झालं.

आकडा मोठा आहे, पण प्रयोग छोटा आणि बंदिस्त होता. लोक घरी राहून हे करतात तेव्हा फरक कमी होतो. 2025 मध्ये ब्रिटनमधल्या 55 जणांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारचा आहार, तिथल्या अधिकृत आहार सल्ल्याच्या चौकटीत, आठ-आठ आठवडे दिला गेला. कमी प्रक्रिया केलेल्या आहारावर वजन सरासरी 2.06 टक्के घटलं आणि अल्ट्रा-प्रोसेस्डवर 1.05 टक्के. म्हणजे फायदा आहे, पण रील्समधल्या ‘30 दिवसांत 10 किलो’सारखा अजिबात नाही.

जोडीदार सोबत असल्यानं काय होतं?

या भागाबद्दल मला स्वतःला शंका होती. वाटायचं, एकजण घसरला की दुसऱ्याला आयतं कारणच मिळतं. पण अभ्यास वेगळं सांगतात.

इंग्लंडमधल्या 3,722 जोडप्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2015 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. त्यात धूम्रपान सोडणाऱ्या स्त्रियांबद्दलचे आकडे बोलके आहेत. नवराही त्याच काळात सिगारेट सोडत असेल, तर 50 टक्के स्त्रियांना ती सोडता आली. नवरा आधीपासूनच निर्व्यसनी असेल तर 17 टक्के. आणि तो ओढतच राहिला तर 8 टक्के. व्यायाम आणि वजनाबाबतही कल तसाच दिसला. म्हणजे आदर्श जोडीदारापेक्षा आपल्यासोबत धडपडणारा जोडीदार जास्त उपयोगी पडतो.

याची दुसरी बाजूही आहे. आजारही जोडीनं येतात. अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारतातल्या जोडप्यांचा उच्च रक्तदाबाबद्दलचा अभ्यास 2023 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. भारतातल्या सुमारे 20 टक्के जोडप्यांत दोघांनाही उच्च रक्तदाब होता. कारण उघड आहे. मीठ एकाच डब्यातलं, तेल एकाच किटलीतलं आणि रात्री साडेदहाची ऑर्डरही एकाच फोनवरून दिलेली.

आमच्या घरी याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात आला. संध्याकाळी सहाला चहाबरोबर हात आपोआप त्या रिकाम्या खणाकडे जायचा. घरात बिस्किटच नसल्यानं भाजलेले चणे-शेंगदाणे निघायचे. तो खण एकट्यानं रिकामा ठेवणं शक्यच नव्हतं.

पण शिजवणार कोण?

‘कपल रीसेट’च्या व्हिडिओंमध्ये दोघं हसत भाज्या चिरताना दिसतात. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणातलं चित्र वेगळं आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात. घरकाम करणारे पुरुष देतात 88 मिनिटं. पाकीटबंद अन्न घराघरांत शिरलं ते केवळ जाहिरातींमुळे नाही. त्यानं कुणाचा तरी वेळ वाचवला म्हणून ते शिरलं, आणि तो वेळ बहुतेक वेळा बाईचा होता.

त्यामुळे पाकिटं बंद केली की ती मिनिटं परत कुणाच्या तरी अंगावर येतात. मटकी भिजवायची, मोड आणायचे, पालेभाजी निवडायची, दोन डबे भरायचे. आमच्याकडे दहाव्या दिवशी यावरूनच वाजलं. ‘अरे, रिपोर्ट तुझा आणि भाजी निवडतेय मी’, असं मी म्हणाले. त्यानंतर कडधान्यं भिजवणं, सकाळचे डबे आणि रविवारची भाजीखरेदी ही कामं त्याच्याकडे गेली. हे वाटप झालं नसतं तर तिसरा आठवडा उजाडला नसता, याची मला खात्री आहे. जोडीनं करायचं म्हणजे जोडीनं खायचं एवढंच नसतं.

आपला प्रश्न फक्त पाकिटाचा नाही

अमेरिकी पद्धतीचा रीसेट इथे आणताना आणखी एक गोष्ट सुटते. आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 च्या अहवालानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक प्रीडायबेटिक आहेत. त्याच पाहणीवर आधारलेला 2025 चा अभ्यास सांगतो की भारतीयांच्या आहारातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यात पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांचा वाटा मोठा आहे.

यातलं काहीही चौथ्या गटात बसत नाही. घरी तळलेली साबुदाण्याची खिचडी-वडे, दोन मुदी भात, दिवसातून चार वेळा दोन चमचे साखरेचा चहा हे सगळं ‘घरचं’ आणि ‘होल फूड’च्या नियमात बसणारं. रक्तातल्या साखरेला मात्र त्यानं फारसा फरक पडत नाही. 30 दिवस बिस्किटं सोडली आणि भात वाढवला, तर रिपोर्टवर काय दिसणार?

म्हणून आम्ही दुसऱ्या आठवड्यात नियम बदलला. पाकिटं बंद होतीच, शिवाय भात निम्मा, त्याजागी उसळ किंवा अंडी आणि चहात साखर नाही. शेवटची अट सगळ्यात जड गेली.

सरकार कुठल्या बाजूला आहे?

दोन्ही बाजूंना, असं म्हणावं लागेल. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मध्ये 17 आहार मार्गदर्शक सूत्रं दिली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी 56.4 टक्के चुकीच्या आहाराशी निगडित असल्याचा अंदाज त्यांनीच मांडला. 2024-25 च्या आर्थिक पाहणीनं अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांवर जास्त कर लावण्याचा विचार पुढे ठेवला. मग 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. कोल्ड्रिंक्सवर 40 टक्के कर आला, पण बिस्किटं, नमकीन, इन्स्टंट नूडल्स आणि चॉकलेटवरचा कर 5 टक्क्यांवर उतरला. महागाईच्या दृष्टीनं लोकांना दिलासा मिळाला हे खरं. पण आहाराच्या दृष्टीनं एका हातानं दिलेला सल्ला दुसऱ्या हातानं मागे घेतला गेला.

पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर-मिठाचा इशारा छापायचा की नाही, हा वादही वर्षानुवर्षं चालू आहे. 2022 मध्ये एफएसएसएआयनं ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला, त्यावर टीका झाली. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, नंतर मुदत वाढली. तोवर पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचणं हे ग्राहकाच्याच माथी.

आणि पाकिटं खपतात किती? 2023-24 च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चातला 11.09 टक्के हिस्सा पेयं आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर गेला. खाण्यावरच्या खर्चात हाच भाग सगळ्यात मोठा. यात बाहेरून मागवलेलं शिजवलेलं जेवणही धरलेलं असतं.

30 दिवसांनंतर काय?

‘21 दिवसांत सवय लागते’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या 96 जणांवरच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. आमचा एकोणिसावा दिवस एका मित्राच्या लग्नात गेला. विसावा दिवस नेहमीसारखा भाकरीनं सुरू झाला.

एक सूचना महत्त्वाची आहे. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर कर्बोदकं अचानक कमी केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजाराचा इतिहास असेल तरी आधी डॉक्टरांशी बोलावं.

HbA1c मध्ये मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळे 30 दिवसांचा निकाल लगेच तपासून उपयोग नसतो. नवऱ्याची पुढची तपासणी एप्रिलमध्ये आहे. दरम्यान तो खण पुन्हा भरलाय. चणे, शेंगदाणे, राजगिरा आणि सासूबाईंनी पाठवलेला चकल्यांचा डबा. चकली नोव्हाच्या चौथ्या गटात येत नाही, असं तो रोज मला ऐकवतो.