पंधरा दिवसांची आई

माझा एक माजी विद्यार्थी मेलबर्नला स्थायिक आहे. गेल्या वर्षी त्याने मोठ्या कौतुकाने एक फोटो पाठवला. त्याची सतरा वर्षांची लेक शाळेतल्या मैत्रिणींबरोबर कंबोडियातल्या एका ख्रिस्ती अनाथाश्रमात पंधरा दिवस सेवेला जाऊन आली होती. मुलांना इंग्रजी गाणी शिकवली, भिंती रंगवल्या. फोटोत तिच्या गळ्याला मिठी मारलेली चार-पाच वर्षांची एक चिमुरडी. खाली बापाने लिहिले होते, ‘सर, निघताना ही पोर तिला सोडेना. सगळे रडले.’

मी शाबासकीचे पत्र लिहायला बसलो. ते काही पुरे होईना.

आमचा जन्म मुलांत गेला. चांगल्या घरचे मूल अनोळखी पाहुणा आला की आईच्या पदराआड लपते, मग हळूच डोकावते. पहिल्याच दिवशी परक्याच्या गळ्यात पडणारे मूल पाहून लोक ‘किती लाघवी!’ म्हणतात, आम्हा मास्तरांच्या पोटात मात्र धस्स होते. सत्राच्या मध्येच बाईंची बदली झाली तर पहिलीचा वर्ग आठ-पंधरा दिवस सैरभैर होतो, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने पाहिले आहे. आणि ती मुले संध्याकाळी आपल्या घरी तरी जातात. या चिमुरडीची बाई दर पंधरवड्याला बदलते आणि तिला जायला घर नाही.

हे नुसते मास्तरकीचे मत नव्हे. रुमानियात चाउशेस्कूच्या पाडावानंतर तिथल्या अनाथालयांचे हाल जगापुढे आले. बुखारेस्टमध्ये २००० साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्यांना पालक कुटुंबांत पाठवले, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी आणि माया लावण्याची शक्ती अधिक सावरली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची तर विशेषच.

आमच्याकडे ख्रिस्ती अनाथाश्रम म्हटले की धर्मांतराचा विषय निघतो. तो वाद मला इथे घालायचा नाही. त्या वादाच्या धुरळ्यात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. प्रश्न असा, की ही मुले अनाथ आहेत का?

कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने जो संहार केला, त्याने खरोखर लाखो पोरे पोरकी केली. पण त्या वेळची पोरकी मुले २००५ साली पंचविशी ओलांडून गेलेली होती. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले, आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते, असे युनिसेफच्या २०११ च्या अहवालाच्या वेळी उघड झाले. याच पाच वर्षांत परदेशी पर्यटक १४ लाखांवरून २५ लाखांवर गेले. ज्याला गणित येते त्याने मांडावे. सेवा करायला माणसे येऊ लागली, तेव्हा सेवा करून घ्यायला मुले लागली. खेड्यातल्या आईला सांगायचे, पोर शिकेल, इंग्रजी बोलेल, दोन वेळ जेवेल. तिने ‘नाही’ का म्हणावे? अशीच आई आमच्याही शाळेच्या पायरीवर उभी राहते.

हैतीत २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या १० बाप्टिस्ट मंडळींनी ३३ ‘अनाथ’ मुले सरहद्दीपार न्यायचा प्रयत्न केला आणि ती पकडली गेली. पुढे चौकशीत मुलांचे आईबाप निघाले. मंडळींचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण कोणाचे मूल आहे हे विचारण्याआधी त्याला उचलायचे, ही कसली भूतदया?

‘काहीच न करण्यापेक्षा हे बरे नव्हे का?’ असे कोणी विचारील. मुळीच बरे नव्हे. बायबलात याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांची नावे एका दमात येतात. त्या विधवेच्या चुलीवर भात शिजला तर तिचे लेकरू अनाथाश्रमात कशाला जाईल? ऑस्ट्रेलियातल्याच एका ख्रिस्ती संस्थेने हे ओळखून आश्रमांतली मुले घरी परतवण्याचे काम अंगावर घेतले आहे. तिथल्या संसदीय समितीनेही २०१७ साली, आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात, आश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्याच देशात हे सगळे छापून आलेले आहे.

आणि परदेशात जाऊन सेवा करूच नये, असेही नाही. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंजवळ दुष्काळात होरपळलेल्या मुली होत्या, विधवा होत्या. तिथे मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन बाई होती. १८८७ साली ती या देशात आली, मराठी शिकली, १८९८ पासून केडगावला राबली आणि १९१२ साली याच देशात वारली. परतीचे तिकीट खिशात ठेवून ती आली नव्हती. आम्ही सीमाभागातले लोक दोन भाषांत वाढलेले. मुलाला रात्री घाबरून जाग आली की धीर कोणत्या भाषेत द्यावा लागतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ख्मेर भाषेचा एक शब्द न येणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरीने पंधरा दिवसांत काय धीर द्यावा? त्यात तिचा दोष नाही. तिला नेणाऱ्यांचा आहे, आणि फोटो पाहून शाबासकी देणाऱ्या आमच्यासारख्यांचा आहे.

शेवटी पत्रात मी त्याला एवढेच विचारले, ‘त्या चिमुरडीची आई कुठे असते?’ त्याने लेकीला विचारले. तिला ठाऊक नव्हते. कोणी सांगितले नव्हते, आणि पंधरा दिवसांत तिने विचारलेही नव्हते. त्याच पत्रात त्याने कळवले आहे की शाळेची सहल यंदाही जायची आहे आणि नावनोंदणी सुरू झाली आहे.