झेप आणि झटका : एटापल्लीच्या पोट्ट्यांसाठी, आणि त्यांच्या मायबापांसाठीही

रस्ता, खाण, एसटी, दवाखाना यावर इथे नेहमीच लिहितो. आज मोबाइलवरच्या गेमवर लिहितोय. हसू नका, पूर्ण वाचा.

संध्याकाळी एटापल्लीत एक चक्कर मारा. पानठेल्याच्या बाकड्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर, जिथे रेंज जरा बरी येते तिथे पोट्टे चार-चारच्या टोळीनं मान खाली घालून बसलेले दिसतील. फ्री फायर मॅक्स, नाहीतर बीजीएमआय. येणारा-जाणारा म्हणतो, "वाया गेले."

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. यातले बरेच जण डोकं न लावता खेळतात, आणि त्यांचा वेळ खरंच वाया जातो. पण जे डोकं लावून खेळतात ते आपल्या तालुक्यात बसून हरतात, आणि त्याचं कारण त्यांच्या बोटात नाही. ते कुठे आहे, हे सांगण्यासाठीच ही पोस्ट.

आधी खेळाचं बोलू. अशा बऱ्याच गेममध्ये दोन ताकदी असतात. एक झेप, म्हणजे क्षणात जागा बदलणं. दुसरी झटका, ज्याला पोरं 'स्टन' म्हणतात. समोरचा काही क्षण आंधळा होतो, सुन्न होतो किंवा जागेवर खिळतो. फ्री फायरमध्ये टात्सुया हे पात्र झेप घेतं. होमरचा ड्रोन समोरच्याचा वेग कमी करतो. बीजीएमआयमध्ये स्टन ग्रेनेड आहे. कॉम्प्युटरवरच्या व्हॅलोरंटमध्ये निऑन नावाच्या पात्राकडे तर दोन्ही आहे, वाऱ्यासारखं पळणंही आणि झटकाही.

आपली बहुतेक पोरं चुकतात ती इथेच. ताकद मिळाली की लगेच बटण दाबायचं. शत्रू दिसला की झेप, थेट चौघांच्या मधोमध. मग "लॅग झाला बे" म्हणून फोन आपटायचा.

ज्यांना गेम कळत नाही त्यांनी कबड्डी डोळ्यासमोर आणा. रेड मारायला ३० सेकंद असतात. चांगला रेडर पहिल्या पाच सेकंदात अंगावर जात नाही. तो रेषेवर हलतो, कोपऱ्यातल्या गड्याला हात लांब करायला लावतो, कोण उतावीळ आहे ते बघतो. मग एकच पाय टाकतो आणि मधल्या रेषेकडे परत फिरतो. नुसता आत शिरणारा रेडर पकडला जातो. परत येणारा गुण आणतो. मोबाइलमध्येही हाच हिशेब आहे.

म्हणून पोरांनो, चार गोष्टी लक्षात ठेवा.

१) समोरच्यानं त्याची ताकद वापरली का, हे आधी बघा. प्रत्येक ताकद एकदा वापरली की परत भरायला वेळ लागतो. त्याची झेप संपली की तो पळू शकत नाही. तुमचा झटका तेव्हा कामाचा. त्याची झेप शिल्लक असताना मारलेला झटका बहुतेक वेळा रिकाम्या जमिनीवर पडतो.

२) क्रम ठरवा. समोरचा तुमच्याकडेच बंदूक रोखून असेल तर आडोशामागून आधी झटका, मग झेप. त्याचं लक्ष दुसरीकडे असेल तर आधी झेप, आणि त्यानं मान वळवायच्या आत झटका. डोटा २ मध्ये अर्थशेकरवाले ब्लिंक डॅगर घेतात ते यासाठीच. एका क्षणात शत्रूंच्या मध्ये उतरायचं आणि पुढच्या क्षणी सगळ्यांना खिळवायचं. त्यातही एक मेख आहे. शत्रूनं नुकतीच जखम केली असेल तर तीन सेकंद ते ब्लिंक चालतच नाही. म्हणजे मार खाण्याआधी ठरवावं लागतं, मार खाल्ल्यावर नाही.

३) झटका तुमचा नसतो, टोळीचा असतो. समोरचा दोन सेकंद आंधळा झाला, पण तुमचे तिघं पन्नास पावलं मागे असतील तर त्याचा उपयोग शून्य. मारण्याआधी ओरडा. माडियात ओरडा, मराठीत ओरडा, बाहेरचा पोरगा टोळीत असेल तर हिंदीत. पण आधी सांगा, मग मारा. आणि बीजीएमआयचा स्टन ग्रेनेड जवळ फुटला तर फेकणाऱ्याचेही डोळे दिपतात, हे विसरू नका.

४) परतीची वाट ठेवा. झेप आत जायला वापरली तर बाहेर कसं यायचं ते आधीच ठरलेलं हवं. भिंत, झाड, ग्लू वॉल, काहीतरी. काहीच नसेल तर झेप राखून ठेवा आणि चालत जा.

यातलं काहीही डायमंड देऊन विकत मिळत नाही. नवीन पात्र, चमकती बंदूक यासाठी घरच्यांच्या फोनमधून पैसे उडवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. थांबायचं कधी हे ज्याला कळतं, तो साध्या पात्रावरही जिंकतो.

आता दुसरी बाजू. एवढं सगळं शिकूनही एटापल्लीचा पोरगा मागे का पडतो? पिंगमुळे. तुमच्या फोनवरून निघालेला निरोप सर्व्हरला पोचून परत यायला जो वेळ लागतो तो पिंग. तो ३०० झाला म्हणजे सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. धावणारा गडी सेकंदाला सहा मीटर जात असेल, तर तेवढ्यात तो जवळपास दोन मीटर सरकतो. तुम्ही झटका मारता तो जिथे होता तिथे. तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. वेळ साधण्याचा सगळा अभ्यास इथे पाण्यात जातो.

तोपर्यंत यावर जुगाड एकच. नेम धरून मारायच्या झटक्याऐवजी जागा व्यापणारा झटका निवडा. माणसावर फेकू नका, दारावर, जिन्यावर, अरुंद वाटेवर फेका. आणि पहिली झेप घेण्याचं काम बरी रेंज असलेल्या गड्याला द्या.

पण हा जुगाड झाला, उपाय नाही. इथे मायबापांना आणि पुढाऱ्यांना सांगायचं आहे. ही गोष्ट फक्त गेमची नाही. ज्या रेंजमुळे पोराचा झटका हुकतो, त्याच रेंजमुळे पोलीस भरतीचा फॉर्म अर्ध्यावर अडकतो, शिष्यवृत्तीचा ओटीपी वेळ संपल्यावर येतो, आणि रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाही. म्हातारी तक्रार करत नाही, घरी जाते. गेमवाला पोरगा निदान आकडा तरी सांगतो.

"गेमला कोण विचारतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाच्या अखत्यारीत घेतलं. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघानं कांस्यपदक मिळवलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती आणि भारताचे खेळाडू तिथे उतरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन आहे. हा फरक घरोघरी समजला पाहिजे. पैज लावणारं ॲप वेगळं, खेळ वेगळा.

पोरांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गेम एका रात्रीत जातो. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये गेला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, मॅक्स उरला. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब झाला, तो मे २०२३ मध्ये परत आला. म्हणून सकाळची धाव सोडून, पुस्तक सोडून यावर आयुष्य लावू नका. पहाटे ग्राउंडवर जायचं असेल तर रात्री एकपर्यंत रँक चढवायची नसते.

माझी मागणी साधी आहे. भारतनेटची केबल गावोगाव नेण्याची योजना आहे, तर ती आपल्या गावांत खरंच चालू आहे का हे ग्रामसभेत विचारा. लाइट गेली की टॉवर का झोपतो, हेही विचारा. नगरपंचायतीनं एखादी अभ्यासिका चांगल्या इंटरनेटसह चालवावी. दिवसा फॉर्म आणि अभ्यास, संध्याकाळी दोन तास खेळ, नऊला कुलूप. आणि वर्षातून एकदा तालुक्याची स्पर्धा घ्या. कबड्डीच्या मैदानाशेजारीच घ्या. प्रवेश फी नको, पैज नको, सगळ्यांना एकच वायफाय. पिंग सारखा झाला की कोण किती पाण्यात आहे ते आपोआप दिसेल.

हरलेच तर पोरांनी आपल्या चुकीनं हरावं. रेंजमुळे नको.

तुमच्या गावात रेंज किती येते आणि लाइट गेल्यावर किती वेळ टिकते, गावाचं नाव टाकून खाली लिहा. यादी झाली की निवेदन घेऊन सगळे मिळून जाऊ.